वाचकांचे प्रश्न : सात कारणे पाठ होती, तरीही…

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील असून राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत दोनदा पोहोचले, मात्र दोन्ही वेळा मुलाखतीचे गुण कमी पडले. मागच्या वेळी ‘कोकणात एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर का लागतात?’ असे विचारले गेले. माझी सात कारणे पाठ होती. तिसरे सांगत असतानाच पुढचा प्रश्न आला आणि खरी महत्त्वाची कारणे मनातच राहिली. थोड्या वेळात मुद्दे लक्षात राहतील असे कसे मांडावेत?

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ आपल्याच पत्रात आहे. जी कारणे आपल्याला महत्त्वाची वाटत होती, ती चौथ्या क्रमांकाच्या पुढे होती. लेखी परीक्षेत अशी मांडणी खपून जाते, कारण उत्तरपत्रिका तपासणारा मागे वळून पुन्हा वाचू शकतो. मुलाखतीत ऐकणाऱ्याला तशी सोय नसते. शिवाय सकाळपासून अनेक उमेदवारांकडून ‘भूरचना, जंगलतोड, नियोजनाचा अभाव’ हीच यादी ऐकलेल्या मंडळाला आपली यादी वेगळी कशी वाटावी?

म्हणून पहिल्याच वाक्यात आपला निष्कर्ष सांगावा. याच प्रश्नाला ‘आमच्याकडे पाणी पडते, पण थांबत नाही’ अशी सुरुवात केली असती, तर पुढचे सारे त्याच्या आधाराने उभे राहिले असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. परंतु सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत अंतर थोडे, त्यामुळे नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, आणि सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, जांभा खडक सच्छिद्र असल्याने मुरलेले पाणीही झऱ्यांवाटे लवकर निघून जाते. एवढे सांगून झाल्यावर आपल्या वाडीतली विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते आणि पाण्यासाठी बायकांना किती चालावे लागते, हे एका वाक्यात सांगावे. ते वाक्य दुसऱ्या कोणत्याही उमेदवाराकडे नसते, आणि मंडळाच्या स्मरणात बहुधा तेच राहते.

उरलेली कारणे वाया जातील, ही भीती सोडून द्यावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेतच मुलाखतीचे वर्णन उलटतपासणी असे नसून हेतुपूर्ण, पण सहज संभाषण असे केलेले आहे. आपण एक मुद्दा नेमका मांडला की ‘मग उपाय काय?’ हा प्रश्न बहुधा येतोच. त्या वेळी पावसाळा सरताच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओहोळावर घातल्या जाणाऱ्या वनराई बंधाऱ्यांविषयी, किंवा कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते त्याविषयी बोलता येईल. विचारल्यावर सांगितलेली गोष्ट न विचारता सांगितलेल्या गोष्टीपेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकली जाते, असे मला सराव मुलाखतींत वारंवार दिसले आहे.

तयारी करताना आपण भरलेल्या अर्जातील माहिती समोर ठेवावी, कारण मंडळासमोरही तीच असते. गाव, जिल्हा, पदवी, छंद, घरचा व्यवसाय अशा पाच-सहा विषयांवर प्रत्येकी एक ठाम विधान, एक पाहिलेली जागा आणि विचारणा झाल्यास ज्यावर ठाम राहता येईल असा एकच आकडा तयार ठेवावा. घरी आंब्याची बाग असेल, तर ‘हापूसला भौगोलिक मानांकन आहे’ एवढे सांगून थांबू नये. हे मानांकन २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला मिळाले. मात्र वाशीच्या बाजारात उघडलेली पेटी खरोखर कोकणातली आहे, हे गिऱ्हाईकाला कसे कळावे, हा प्रश्न आपल्या वडिलांना पडत असेल तर तो मंडळासमोर अवश्य मांडावा. अर्थात, विचारलेल्या प्रश्नाशी संबंध नसताना तयार वाक्य ओढून आणू नये. तसे केलेले लगेच ओळखू येते आणि विश्वास उडतो.

सरावाची एक साधी रीत सुचवते. अभ्यास न करणाऱ्या घरच्या माणसाला, आईला किंवा काकांना, एक उत्तर मिनिटभरात सांगावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘काल मी काय सांगितले?’ असे विचारावे. त्यांना जे आठवेल ते उत्तराच्या सुरुवातीला आणावे. जे आठवणार नाही, ते पुढच्या प्रश्नासाठी राखून ठेवावे.

प्रश्न : मी मालवण तालुक्यातील रापणकर कुटुंबातला आहे. केंद्रीय सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली असून मुलाखतही मराठीतूनच देणार आहे. बोलताना मालवणी हेल येतो आणि तो लपवण्याच्या नादात मुद्दा निसटतो. काय करावे?

उत्तर : हेल लपवू नये. उच्चार स्पष्ट आणि गती थोडी संथ असली की तो आड येत नाही. आपल्याकडचा शब्द टाळण्याऐवजी त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा : ‘रापण म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून अनेकांनी मिळून ओढायचे जाळे.’ राज्य शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर, म्हणजे बोटीतून मोठे जाळे टाकून माशांचा थवाच वेढण्याच्या पद्धतीवर, निर्बंध का घातले, असे विचारले गेल्यास याच वाक्याने सुरुवात करावी, आणि रापणीत मिळालेल्या मासळीची वाटणी आपल्या घरी कशी होते ते पुढच्या वाक्यात सांगावे.