परागकणाची भित्तिका, कवच की आवरण?

प्रश्न असा आहे: परागकणाच्या बाहेरच्या थराला कुणी 'भित्तिका' लिहितं, कुणी 'कवच', तर कुणी 'आवरण'. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि जोडीला, 'कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या पराग झेलणाऱ्या टोकावर) पडल्यावर परागकण फुटतो' हे वाक्य बरोबर आहे का?

तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात खरे, पण तसे वापरू नयेत असं मला ठामपणे वाटतं. सगळ्या रचनेला मिळून 'परागभित्तिका' म्हणावं. त्यातल्या बाहेरच्या थराला, म्हणजे एक्झाइनला, 'बाह्यकवच' म्हणावं आणि आतल्या थराला, इंटाइनला, 'अंतर्भित्तिका'. एकाला कवच आणि दुसऱ्याला भित्तिका हा भेद हौसेखातर केलेला नाही. हे दोन थर वेगवेगळ्या हातांनी घडतात.

परागकोशात, म्हणजे पुंकेसराच्या पराग बनवणाऱ्या भागात, एका मातृपेशीचं अर्धसूत्री विभाजन होऊन चार पेशींचं चतुष्क तयार होतं. या चारही पेशी कॅलोज नावाच्या बहुशर्करेच्या जाड वेष्टनात बंद असतात. या बंदिस्त काळातच प्रत्येक पेशी आपल्या पटलाबाहेर एक नाजूक आराखडा उभा करते. खांब कुठे, जाळी कशी, काटे किती, हे इथेच ठरायला लागतं. मग परागकोशाचा सर्वांत आतला पोषक थर, टॅपीटम, एक विकर (एन्झाइम) सोडून कॅलोज विरघळवतो आणि चारही कण सुटे होतात. ही वेळ फार नेमकी साधावी लागते. कॅलोज अवेळी विरघळलं तर कवच धड बनत नाही आणि पराग वांझ निघतात. कण सुटे झाले की टॅपीटममधून आलेलं स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट पदार्थाचं साहित्य त्या आराखड्यावर चढत जातं. म्हणजे नक्षी कणाची, पण मालमसाला बहुतांशी झाडाच्या परागकोशाचा. आतला थर मात्र परागकण स्वतः घडवतो, तोही सेल्युलोज आणि पेक्टिनचा, म्हणजे कुठल्याही वनस्पतीपेशीच्या भित्तिकेत असतो तशाच ऐवजाचा. त्याला 'भित्तिका' हाच शब्द शोभतो.

'कवच' शब्दाला मराठीत एक भक्कम आधारही आहे: 'बीजकवच'. बीजाचं कवच आतला गर्भ बनवत नाही. ते बीजांडाच्या वेष्टनांपासून, म्हणजे मातृवनस्पतीच्या ऊतींपासून तयार होतं. जनक झाडाच्या ऊतीने पुढच्या पिढीच्या अंगावर चढवलेला कणखर थर, हा अर्थ दोन्हीकडे जुळतो.

आणि कणखर म्हणजे किती? परागविज्ञानातली एक नेहमीची पद्धत बघा. नऊ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड आणि एक भाग तीव्र गंधकाम्ल यांच्या मिश्रणात पराग तापवतात. आतला जिवंत भाग, अंतर्भित्तिका, वरचा तेलकट लेप, सगळं नाहीसं होतं आणि बाह्यकवच नक्षीसकट शिल्लक राहतं. तळ्यांच्या गाळात हजारो वर्षं आणि खडकांत कोट्यवधी वर्षं पराग टिकतात ते याच थरामुळे. जास्वंदीचा परागकण सूक्ष्मदर्शकाखाली, अगदी कमी वर्धनावरही, काट्यांनी भरलेल्या गोळ्यासारखा दिसतो. ते काटे बाह्यकवचाचे.

भेद पाळायला हवा याचा मला सर्वांत पटणारा पुरावा समुद्रात आहे. झोस्टेरा या सागरी गवताचे पराग पाण्याखाली वाहत जातात. ते गोल नसून लांबलचक धाग्यांसारखे असतात आणि त्यांना एक्झाइन नसतंच. या परागाला भित्तिका आहे, कवच नाही. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

'आवरण' हा शब्द मी टाळते. कशालाही चालतो, म्हणून नेमकं काहीच सांगत नाही. शिवाय बाह्यकवचाच्या खाचाखोचांत टॅपीटमच्या अवशेषांतून आलेला एक चिकट, स्निग्ध थर बसतो, त्यालाही लोक आवरणच म्हणतात. त्याला 'परागलेप' म्हणावं. कीटकांच्या अंगाला पराग चिकटतात ते याच्यामुळे. मोहरीच्या कुळात तर आपला पराग कोणता हे कुक्षी ओळखते ते या लेपातल्या प्रथिनावरूनच.

जाता जाता 'छिद्रा'विषयीही. कवचात जिथून परागनलिका, म्हणजे कण रुजताना निघणारी नळी, बाहेर पडते त्या जागेला 'जननछिद्र' म्हणतात. शब्द रुळलेला आहे, राहू द्या, पण ते आरपार भोक नव्हे. तिथे बाह्यकवच पातळ असतं किंवा नसतं, आणि खाली अंतर्भित्तिका बहुधा अधिक जाड असते. नारळाचा डोळा जसा, तशी ही मऊ जागा. एकदल वनस्पतींत ती बहुधा एकच, द्विदलांपैकी बहुतेकांत तीन, तर जास्वंदीत सर्वांगावर विखुरलेल्या पुष्कळ. लिलीच्या परागकणावर ती एक लांब चीर असते. कण कोरडा पडू लागला की ही चीर आत दुमडते आणि पाणी आणखी निसटण्याला आळा बसतो. ओल मिळाली की कण पुन्हा फुगतो.

आता 'फुटतो'. कुक्षीवर पडलेला परागकण फुटत नाही, तो रुजतो. किंवा म्हणा, परागकणाला नलिका फुटते. 'ला' प्रत्ययाने सगळा अर्थ बदलतो. तोच कण नुसत्या पाण्यात टाकला तर पुष्कळदा इतकं पाणी शोषतो की खरोखरच फुटतो आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. योग्य प्रमाणात साखर, बोरॉन आणि कॅल्शियम असलेल्या द्रावणात मात्र त्याला नलिका फुटते. वादळी पावसाच्या दमट हवेत गवतांचे पराग फुटून त्यातले स्टार्चचे बारीक कण हवेत पसरतात आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना बाधतात, तिथे 'फुटतात' हेच बरोबर. 'परागकोश फुटतो' हेही बरोबर, कारण तो उकलून पराग बाहेर पडतात. प्रश्नातल्या वाक्यात मात्र 'रुजतो' करा.