लुंडला येण्याआधी गोठवणं शिकून घे

स्वीडनमधल्या लुंडला पीएचडीची जागा मिळाली आहे, विषय आहे गोठवून सच्छिद्र जेलचे मणी बनवणं, निघायला चार महिने आहेत आणि एमएस्सीत क्रायोजेल (गोठवून बनवलेली जेल) हा शब्दही कानावर पडला नव्हता. ‘ताई, या चार महिन्यांत काय शिकू आणि बॅगेत काय भरू?’ असं तू विचारलंस. मी इथे याच विषयात सात वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी मनापासून अभिनंदन.

वाचन फार करू नकोस. २००३ साली मॉस्को आणि लुंडच्या संशोधकांनी मिळून क्रायोजेलवर एक आढावा लिहिला होता, तो नीट वाच. मॉस्कोत व्लादिमीर लोझिन्स्की १९८०च्या दशकापासून या विषयावर काम करत आले आणि लुंडमध्ये बू मॅटियासन यांच्या गटाने तो जैवतंत्रज्ञानात रुजवला. आयआयटी कानपूरचे अशोक कुमार यांचंही लुंडच्या गटाबरोबर बरंच काम आहे. सुरुवातीला एवढं पुरे. बाकीचा वेळ हात बसवण्यात घाल.

मूळ कल्पना अशी. पाण्यात मोनोमर, म्हणजे एकमेकांना जोडून लांब साखळी होणारे लहान रेणू, विरघळवून ते द्रावण उणे १२ अंशाला ठेवलं की पाणी शुद्ध बर्फ होऊन बाजूला निघतं. उरलेलं सगळं बर्फाच्या स्फटिकांमधल्या फटींत कोंडतं. तिथे ते इतकं दाट होतं की एवढ्या थंडीतही जेल बनते. मग बर्फ वितळवायचा. जिथे स्फटिक होता तिथे छिद्र उरतं, आणि स्फटिक एकमेकांना टेकलेले असल्यामुळे छिद्रंही एकमेकांना जोडलेली असतात. साध्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलमधून प्रथिनं जेमतेम सरकतात. इथे छिद्रं काही मायक्रॉनपासून शंभर मायक्रॉनपर्यंत असतात, त्यामुळे अख्खी पेशीसुद्धा पार जाते. म्हणूनच न गाळलेल्या, पेशींनी भरलेल्या द्रावणातून प्रथिन वेगळं काढायला ही जेल कामाला येते.

चांगली जेल हाताला लगेच कळते. ती पांढरी, अपारदर्शक असते. चिमटीत दाबली की सगळं पाणी निथळतं आणि तिचा चोळामोळा होतो. पाण्यात टाकली की क्षणात होती तशी फुगते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी एकच तुकडा वीस वेळा दाबून बघितला होता. जेल काचेसारखी पारदर्शक निघाली आणि दाबल्यावर तुटली, तर समज की बर्फ होण्याआधीच ती जमली आहे.

इथेच बहुतेकांचे महिने वाया जातात, माझेही गेले. लुंडला येण्याआधी मी जिथे काम करत होते, तिथला फ्रीजर फ्रॉस्ट-फ्री होता. निम्मे नमुने पांढरे यायचे, निम्मे पारदर्शक. तीन महिने मी रसायनांनाच दोष देत होते. शेवटी एका नळीत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, घालून रात्रभर नोंद घेतली. दर काही तासांनी फ्रीजर स्वतःचं बर्फ वितळवायला गरम होत होता, आणि माझ्या नळ्यांचं तापमान कधी वर, कधी खाली. शिवाय पारदर्शक निघालेल्या नळीत पाणी गोठलंच नव्हतं, उणे १२ ला द्रवच राहिलं होतं. पाणी गोठायला लागलं की त्यातली सुप्त उष्णता बाहेर पडते आणि तापमान एकदम शून्याच्या दिशेने वर उडी मारतं. आलेखात ती उडी दिसली नाही, तर बर्फ झालेला नाही. ही एक गोष्ट तू भारतातच शिकून ये. इथे पाण्याऐवजी अल्कोहोल भरलेला थंड बाथ मिळेल, तापमान दशांशापर्यंत स्थिर राहील, पण आलेख वाचायची सवय तुझी तुलाच लावून घ्यावी लागेल.

सरावासाठी अ‍ॅक्रिलामाइड नको, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (पीव्हीए) घे. स्वस्त आहे, विषारी नाही आणि त्याला क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन, लागत नाही. मात्र ९८-९९ टक्के हायड्रोलाइझ केलेलं आणि मोठ्या रेणुभाराचं माग. ८८ टक्केवालं पटकन विरघळतं, पण जेल धड धरत नाही. १० टक्के द्रावण ९० अंशाच्या आसपास ढवळत कर, वर साय धरू देऊ नकोस. मग सुईतून थेंब थेंब, उणे २० ला ठेवलेल्या पेट्रोलियम ईथरसारख्या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात सोड. हा द्रव भयंकर ज्वालाग्राही आहे, तेव्हा हे काम वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच, आणि घरच्या फ्रिजमध्ये मुळीच नाही. आईला बुंदी पाडताना बघितलंच असशील. पीठ पातळ झालं की बुंदी चपटी, घट्ट झालं की शेपूट. इथेही तेच. द्रावणाचा दाटपणा, सुईचं तोंड आणि पडण्याची उंची, हे तिन्ही जुळवायला चार-पाच दिवस लागतील.

आणि वितळवताना घाई करू नकोस. पीव्हीएच्या साखळ्या एकमेकींना धरून लहान स्फटिकगाठी बांधतात, त्या मुख्यतः वितळताना, शून्याखालच्या शेवटच्या काही अंशांत. बाहेर काढून टेबलावर ठेवलेस तर लगदा हाती येईल. थर्माकोलच्या डब्यात घालून रात्रभर हळूहळू वर येऊ दे. हे मणी ७० अंशांच्या पुढे वितळतात, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करायचे नाहीत.

अ‍ॅक्रिलामाइडबद्दल इथे माणसं फार गंभीर आहेत, आणि त्याला कारण आहे. लुंडच्या उत्तरेला हालान्डसोसचा रेल्वे बोगदा खोदताना १९९७ साली गळती थांबवायला अ‍ॅक्रिलामाइड असलेलं रसायन वापरलं. ते ओढ्यात उतरलं, मासे मेले, गाई लुळ्या पडल्या, कामगारांच्या नसांवर परिणाम झाला. काम थांबलं आणि बोगदा २०१५ साली खुला झाला. त्या कामगारांचं रक्त तपासताना ज्यांचा बोगद्याशी संबंध नव्हता त्यांच्याही रक्तात त्याच्या खुणा सापडल्या. तो माग काढत स्टॉकहोमचे संशोधक तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांपर्यंत पोचले आणि त्यांतही ते तयार होतं हे २००२ साली जाहीर झालं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुझ्याकडून जोखमीचा लेखी आराखडा मागतील तो नुसती औपचारिकता समजू नकोस, जीव लावून लिही.

आता बाकीचं थोडक्यात. इथे पीएचडी ही पगारी नोकरी आहे. चार वर्षांची, शिकवण्याचं काम धरलं तर पाचपर्यंत जाते. आल्या आल्या कर कार्यालयात नोंदणी करून पेर्शूननुम्मेर, म्हणजे व्यक्तिक्रमांक, घे. तो हाती येईपर्यंत बँक, फोन, सगळं अडतं, म्हणून पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चाची सोय भारतातल्या कार्डावर ठेव. रोख कुणी फारसं घेत नाही. घर मिळणं सगळ्यात अवघड. नियुक्तिपत्र आलं त्याच दिवशी विद्यापीठाकडे राहण्यासाठी अर्ज कर आणि खोली बघितल्याशिवाय कुणालाही अनामत पाठवू नकोस. मी पाठवली होती, ती परत आली नाही.

जाड लोकरी कोट विकत घेऊ नकोस. लुंडला बर्फ बेताचा, वारा आणि पाऊसच जास्त, तेव्हा वारा अडवणारं जाकीट इथेच घे. डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं आणि पहिल्या वर्षी ते मनाला लागतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत रोज वीस मिनिटं बाहेर चाल. डाळ, पोहे, कढीपत्ता शेजारच्या माल्मो शहराच्या मोलेव्हांगन भागात मिळतात, रेल्वेने साधारण पाव तासात पोचतेस. गोडा मसाला आणि कोकम मात्र घरून आण.

पीव्हीएचे पहिले मणी जमले की तापमानाचा आलेख मला पाठव. उडी कुठे आली आहे ते दोघी मिळून बघू.