शेजारच्या टेबलासाठी प्रार्थना

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

ऑफिसातल्या माणसांसाठी रोज प्रार्थना करायची ठरवलीस आणि आठवड्याभरात शब्दच संपले, असं तू लिहिलंस. संपणारच. ‘सगळ्यांना आशीर्वाद दे’ म्हणायला किती वेळ लागतो? जिथे तुझी प्रार्थना लांबते ती वाक्यं तू पत्रात दिलीच आहेस. साहेबांचा राग शांत होऊ दे, शेजारची तिचं काम वेळेवर देऊ दे, मीटिंगमध्ये माझं कुणीतरी ऐकू दे. पुन्हा वाचून बघ. यात त्यांच्यासाठी काय आहे? सगळं तुझ्या सोयीचं आहे. तेही देवाकडे जरूर माग, फक्त त्याला मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना, म्हणू नकोस.

दुसऱ्यासाठी मागायचं तर आधी त्याच्याकडे नीट बघावं लागतं. साहेबांवर वरून कसला दबाव आहे? शेजारचीला हल्ली दुपारी कुणाचा फोन येतो, आणि नंतर ती गप्प का होते? खोदून विचारू नकोस; सहज कळेल तेवढं पुरे. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधल्या (बॅबिलोनमधल्या) यहुदी बंदिवानांना पत्र पाठवलं, त्यात ज्या नगरात त्यांना धरून नेलं होतं त्याच नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असं सांगितलं (यिर्मया २९:७). ‘आम्हाला इथून सोडव’ हे त्यांना शिकवावं लागलं नसतं. बाबेलचं भलं मागायला मात्र सांगावं लागलं. तुला हवी असलेली बढती जिला मिळाली, तिला ते काम चांगलं जमावं असं एकदा मागून बघ. पहिल्यांदा घशाशी अडकेल. अडकू दे, तरी माग.

वेळ कुठून काढू, हाही तुझा प्रश्न आहे. बायबलमधला नहेम्या, म्हणजे पारसाच्या राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा यहुदी सेवक, राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी देवाची प्रार्थना करतो (नहेम्या २:४). ती क्षणभराचीच असणार, कारण राजा समोर होता. पण यरुशलेमचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव या यहुदी महिन्यात कळली होती आणि हा प्रसंग नीसानमधला. मध्ये साधारण चार महिने गेले होते आणि उपास-प्रार्थना आधीच सुरू झाली होती. तेव्हा लांब प्रार्थना घरी कर. ऑफिसात लिफ्टमध्ये, कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत, कुणाला अवघड ईमेल पाठवण्याआधी एक वाक्य पुरतं. कामाचे तास मात्र कामालाच दे. राजदरबारातला यहुदी अधिकारी दानीएल, त्याच्या शत्रूंना त्याच्या कारभारात दोष काढता आला नाही, हे बायबलमध्ये त्याने मनाई असताना केलेल्या प्रसिद्ध प्रार्थनेच्या आधी लिहिलंय. प्रार्थना करणारीचं काम अर्धवट राहिलं, तर ते निस्तरणाऱ्या सहकाऱ्याला तिच्या प्रार्थनेचं काय कौतुक?

‘मी तुमच्यासाठी प्रार्थना करते’ हे सांगावं का? माझं मत, सहसा नको. कुणी आपणहून दुखणं सांगितलं तर ‘प्रार्थना केली तर चालेल का?’ एवढं विचार, आणि ‘नको’ आलं तर हसून विषय बदल. मोठ्याने, तिथल्या तिथे करायचा आग्रह तर अजिबात नको. उद्या तुझ्या हाताखाली माणसं आली, तर हा प्रश्न आपणहून काढूच नकोस. ज्याची रजा तू मंजूर करतेस, तो तुला ‘नको’ कसं म्हणेल?

आता त्या त्रास देणाऱ्या माणसाबद्दल. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं प्रभू येशूने सांगितलं, म्हणून तक्रार करायची नाही असा अर्थ तू काढलास. तो चुकीचा आहे. प्रेषित पौलावर आरोप झाले तेव्हा त्याने हक्काने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. तारखा लिहून ठेव, लेखी तक्रार दे, आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही कर. दोन्ही एकाच दिवशी करता येतं.

आणखी एक, जरा कडक बोलते. मंडळीच्या प्रार्थना-संगतीत ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’ अशी सुरुवात झाली की मी सावध होते. त्यापुढे बहुधा कुणाचा तरी घटस्फोट नाहीतर कर्ज येतं. सहकाऱ्याने तुला सांगितलेलं तुझ्याकडेच राहू दे. ज्यांच्या आईच्या आजाराबद्दल तू लिहिलंस, त्यांचं नाव तू मला कळवायला नको होतंस. पुढच्या पत्रात नावं गाळ. प्रार्थना मी करतेच आहे.

तुझी,
मावशी