‘कारणीभूत’ हा शब्द खोड

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या हिरड्यांत पॉर्फिरोमोनास जिंजिवालिस हा हिरड्यांच्या आजाराशी जोडलेला जंतू जास्त सापडला आणि आता शीर्षकात ‘कारणीभूत’ लिहावं की ‘संबंधित’, यावर तू अडली आहेस. ‘कारणीभूत’ लिहिलंस तर मोठं नियतकालिक घेईल, असं सोबतचे म्हणतात. घेईलही. तरी खोड तो शब्द. सापडणं म्हणजे करणं नव्हे.

तुझ्या वयात मीही असेच नमुने गोळा करायचो. एक बाई तोंड उघडता उघडता म्हणाल्या, “बोटं आखडतात, ब्रश धरवत नाही.” मी मान डोलावली, हिरडीच्या फटीतला नमुना घेतला आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. माझ्या तक्त्यात त्या वाक्यासाठी रकानाच नव्हता. दोन वर्षांनी आकडे मांडले, तेव्हा हिरड्यांमुळे सांधे बिघडले की सांध्यांमुळे हिरड्या, हे ठरवायला हाताशी काहीच नव्हतं. निबंध छापून आला. अजूनही कुणी त्याचा दाखला दिला की मला अपराधी वाटतं.

जंतू निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. प्रथिनांतल्या आर्जिनीन या घटकाचं सिट्रुलीन या दुसऱ्या घटकात रूपांतर करणारं एन्झाइम त्याच्याकडे आहे आणि या आजारात शरीर अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ती सांधे सुजण्याआधी कित्येक वर्षं रक्तात दिसू शकतात. मग त्या माणसांकडे जा ना! सांधे अजून धड, पण रक्तात प्रतिपिंडं, अशांचे नमुने पुन्हा पुन्हा घे. तुझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत, ठाऊक आहे. मग निदान आहेत त्या रुग्णांना विचार: ब्रश कोण करून देतं, प्रतिजैविक कधी घेतलं, औषधाने तोंड कोरडं पडतं का, धूम्रपान करता का.

नुसत्या प्रमाणावरही विसंबू नकोस. 2011 सालच्या उंदरांवरच्या प्रयोगात हा जंतू संख्येने अगदी थोडा होता, तरी तोंडातली जंतूंची सगळी वस्ती बिघडली आणि जबड्याचं हाड झिजलं. जंतुविरहित उंदरांत तो एकटाच सोडला, तेव्हा हाड शाबूत राहिलं. सापडणं म्हणजे करणं नव्हे, आणि थोडा सापडला म्हणून सुटलाही नाही.

लोक म्हणतात, मी तरुणांना अडवतो. हो, अडवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘तोंडातला संसर्ग सांध्यांत उतरतो’ या खात्रीवर संधिवाताच्या रुग्णांचे दात उपटले गेले. त्या मताला आधी मानणाऱ्या रसेल सेसिल या अमेरिकी डॉक्टरांनीच 1938 साली सहकाऱ्यासोबत 200 रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दात उपटण्याचा फायदा दिसला नाही. तोवर दात गेले ते गेलेच. ती खात्रीही ‘सापडलं’ यावरच उभी होती. मग मी हट्टी म्हटला गेलो तर चालेल.

रागावू नकोस. तुझे नमुने मेहनतीचे आहेत, ‘संबंधित’ म्हणूनही ते छापण्याजोगे आहेत. सुधारलेला तक्ता आठवड्याभरात पाठव. पहिला रकाना ब्रशचा ठेव.