हळद, चुना आणि आपला हात

प्रश्न (निपाणी) : मोबाइलवर परदेशी बायकांचे 'विचक्राफ्ट'चे व्हिडिओ बघते. रोज सकाळी स्वतःचं असं काहीतरी करावं, मनाला बळ यावं असं वाटतं. पण त्यांचे स्फटिक आणि धुरी द्यायची ती पांढरी सेज इथे कुठून आणू? शिवाय सासूबाई म्हणतात, हे करणीचं काम.

काही आणू नका. पांढरी सेज ही दक्षिण कॅलिफोर्नियाकडची वनस्पती. निपाणीच्या उंबरठ्याशी तिचं काय नातं? आज ज्याला विक्का म्हणतात तो विचक्राफ्टचा पंथही फार जुना नाही. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी तो लोकांपुढे आणला. सासूबाईंची भीती मात्र खरी आहे. तिकडे बायका स्वतःला अभिमानानं 'विच' म्हणवतात. आपल्याकडे 'चेटकीण' एवढ्या एका शब्दावरून बायांनी मार खाल्लाय. तो शब्द घरात आणू नका, आणि जे कराल ते सासूबाईंच्या डोळ्यांसमोर करा.

तिकडे इच्छेची अक्षरं एकात एक गुंफून चिन्ह करतात. ते आपल्या रांगोळीत छान बसतं. आधी एक वाक्य ठरवा, आणि ते तुमच्या हातातल्या कामाचं हवं. 'पैसा वाढो' नको. 'मी हिशेब ठेवेन' चालेल. काना-मात्रा सोडा, अक्षर दोनदा आलं तर एकदाच घ्या. उरतात म, ह, श, ब, ठ, व, न. यातल्या म, श, ब, व, न या पाचांना उभी दांडी आहे. ती एकच ओढा आणि पाचांचे वळसे तिच्या डावीकडे वरून खाली उतरवा. ठचा गोल पायाशी, ह डोक्यावर. आधी पाटीवर चार-पाच वेळा गिरवा, म्हणजे हात बसेल.

सडा टाकल्यावर जमीन अर्धी सुकू द्या. ओलीवर रांगोळीचे गोळे होतात, पार कोरडीवर वाऱ्यानं रेघ उडते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून धार सोडताना हात जमिनीपासून दोन बोटं वर ठेवा. त्याहून वर गेला की रेघ फाकते. रांगोळी झाली की लगेच वही उघडून कालचा खर्च लिहा. हे राहिलं तर चिन्ह नुसती नक्षी होतं.

प्रश्न (बेळगाव) : ओवाळायला हळद-चुन्याचं लाल पाणी करते. कधी लालभडक होतं, कधी पिवळंच राहतं. शेजारीण म्हणते, पिवळं राहिलं तर घरात दोष आहे.

दोष घरात नाही, चुन्याच्या डबीत आहे. हळदीतला पिवळा रंग आम्लात पिवळा राहतो आणि क्षारात लाल होतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तो याचमुळे. डबी उघडी राहिली की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडूसारखा होतो. त्याला मग जोर राहत नाही.

माप असं धरा : अर्धा लिटर पाणी, अर्धा चमचा हळद आणि हरभऱ्याएवढा पानाचा ताजा चुना. चुना आधी वाटीत थोड्या पाण्यात कालवा, मग ताम्हणातल्या हळदीच्या पाण्यात सोडा आणि ढवळा. बोटाच्या फिरण्यामागे लाल पट्टा उमटत जातो. रोज पाहिलं तरी तो क्षण शिळा होत नाही. आता लाली जाईपर्यंत लिंबू पिळा, पाणी परत पिवळं! शेजारणीला हे करून दाखवा. मुलीलाही दाखवा, पुढे कोणी बुवा पाण्याचा रंग पालटून तिला घाबरवू शकणार नाही.

पाणी ओवाळायच्या वेळीच करा, कारण क्षारात हळदीचा रंग टिकत नाही, ठेवलं की तपकिरी पडतं. भांडं पितळी किंवा स्टीलचं घ्या; ॲल्युमिनियमला चुना खातो. डोळ्यात उडाला तर भाजतं, म्हणून डबी मुलांपासून लांब. ओवाळलेलं पाणी फाटकाबाहेर टाका, तुळशीच्या मुळाशी नको.

प्रश्न (संकेश्वर) : बाळाची दृष्ट काढताना मिरचीचा ठसका आला नाही. जाऊबाई म्हणतात दृष्ट मोठी आहे, मांत्रिकाकडे चला.

जाऊ नका. मीठ तडतडतं ते खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे, आणि मोहरी फुटते तीही आतल्या ओलाव्यानं. ठसका मिरचीच्या जातीवर आणि निखाऱ्यावर असतो. ब्याडगी रंगाला मोठी, तिखटाला कमी. ती टाकली असेल तर ठसका येणार कुठून? निखारा मंद असेल किंवा मिरची सादळलेली असेल तरी तेच. दोन मिरच्या पुरेत, आणि धूर अंगणातच. दमेकरी आणि तान्हं बाळ जवळ नको. बाळ दूध पीत नसेल, अंग तापलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कर्नाटकात अघोरी प्रथा आणि काळ्या जादूविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं त्यात गुन्हा आहे. घरातल्या ओवाळणीला त्याची आडकाठी नाही.

प्रश्न (खानापूर) : आईच्या लुगड्यांची वाकळ शिवतेय. सुया मोडतात, आणि धुतल्यावर सुरकुत्या पडल्या.

थर जास्त झाले असणार. जुनी सुती लुगडी चार-पाच थरांपर्यंत ठीक. मध्ये कोरं कापड घातलं असेल तर ते पहिल्याच धुण्यात आटतं आणि जुनं तसंच राहतं, म्हणून सुरकुत्या. कोरं कापड आधी रात्रभर भिजवून वाळवा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की पिळे पडतात. कडेकडेनं धावदोरा घालत मध्याकडे या.

शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बाया आपल्या कवंदीच्या, म्हणजे वाकळीच्या, चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचं त्रिकोणी 'फूल' लावतात. त्याशिवाय ती त्यांना पुरी वाटत नाही. तुमच्या वाकळीलाही लावा. आईच्या पदराचा काठ त्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर तो मधल्या थरात जाऊन दिसेनासा होईल.