टायरमधली हवा आणि मागची गाडी

मागच्या अंकात मी ऑस्ट्रेलियातल्या सिम्पसन वाळवंटाबद्दल लिहिलं होतं. भाऊ ॲडलेडला असतो, तिथल्या एका फोर बाय फोर क्लबात आहे; त्यांच्या ताफ्याबरोबर मी जाऊन आले. त्यावर बरीच पत्रं आली. कामठी रोडवरचं आमचं टायरचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं, त्यामुळे निम्मी पत्रं टायरबद्दल असणार हे मी धरूनच चालले होते. काही प्रश्न इथे घेते.

त्रिमूर्तीनगरातून एक वाचक: ताई, आम्ही चार कुटुंबं. मुलांना नाताळची सुट्टी असते. डिसेंबरच्या शेवटी ॲडलेडला उतरून भाड्याच्या गाड्या घ्यायच्या आणि सिम्पसन पार करायचं, असं ठरतंय. उन्हाचं आम्हाला काय, आम्ही नागपूरचे!

नका ठरवू. एक तर रस्ताच बंद असतो. १ डिसेंबर ते १५ मार्च सिम्पसनचं राष्ट्रीय उद्यान उन्हामुळे बंद ठेवतात. आणि नागपूरच्या उन्हाचा तोरा मलाही आहे, पण २०२४ च्या मे महिन्यात आपल्याकडे एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले ती यंत्राची चूक निघाली. वाळवंटाच्या पश्चिमेला ऊडनाडाटा नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदले गेले, ते खरेखुरे.

तरी आकडा सोडा. एप्रिलात वर्धा रोडवर गाडी बंद पडली तर पाच मिनिटांत कोणीतरी थांबून ‘काय झालं भाऊ’ विचारतो, आणि समोर उसाच्या रसाचं दुकानही असतं. तिथे पुढची गाडी आज येईल की परवा, सांगता येत नाही. १९६३ च्या डिसेंबरमध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅकवर एक कुटुंब रस्ता चुकलं, पेट्रोल संपलं आणि ते गाडी सोडून चालत निघाले. पाचही जण दगावले. म्हणून तिथे लहान पोरालाही शिकवतात की काही झालं तरी गाडी सोडायची नाही. गाडी विमानातून दिसते, तिची सावली असते, पाणीही तिच्यातच असतं. शोधपथकाला चालणारा माणूस दिसत नाही.

भाड्याच्या गाडीचंही तेच. बहुतेक कंपन्या करारात सिम्पसनला सरळ मनाई करतात. नेलीत तर विमा गेला. तुमच्यासाठी चांगला मार्ग म्हणजे वाटाड्याच्या गाडीमागे जाणाऱ्या सहली, किंवा नुसती सीट घेऊन बसायच्या सहली. मे ते सप्टेंबर हा हंगाम. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेवढा एक फायदा उन्हाने आपल्याला दिलाय, तो वापरा. रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, तेव्हा जाड पांघरूण न्या. नागपूरच्या डिसेंबरमधला स्वेटर पुरत नाही.

कामठीहून एक तरुण: माझ्याकडे थार आहे. वाळूत हवा कमी करतात हे ऐकून आहे. टायर खराब होत नाही का? आणि किती कमी करायची?

कमी हवेवर डांबरी रस्त्याने पळवलास तर होतो. वाळूत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं, हवा काढली की टायर रुंद होतो. रुंद होतो थोडासाच, वाढतो तो लांबीत. जमिनीला टेकलेला भाग पुढे-मागे लांबतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं, मग चाक वाळू खणत बसत नाही, तिच्यावरून जातं. उंटाचा पाय टेकला की तळवा पसरतो, तसंच. रस्त्यावर आमच्या गाडीत ३५ ची हवा होती. वाळवंटाच्या तोंडाशी १८ वर आणली, मऊ टेकड्यांना १६ वर. सामान जास्त असेल तर एखाद-दोन जास्त.

आता दुकानदार म्हणून बोलते. कमी हवेत झटक्याने वळवू नकोस, टायर रिमवरून उतरतो. मग वाळूत जॅक लावायची मजा बघ. खाली जाड फळी नसेल तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. थांबलास की चारही टायरना हात लाव. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्याच्यात काहीतरी गडबड आहे. कडक रस्ता लागला की तिथेच कॉम्प्रेसर काढून हवा भर. ‘पुढच्या गावी भरू’ हे नागपूर-सावनेरच्या मधे चालतं. आणि नायट्रोजन भरू का म्हणून विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, वाळूला तो फरक कळत नाही.

आमच्या ताफ्यात एक गृहस्थ होते. गाडी नवीकोरी, दांडगी. ते २५ च्या खाली उतरायलाच तयार नव्हते. सिम्पसनमध्ये एकामागे एक अकराशेवर टेकड्या आहेत, वाऱ्याने उत्तर-दक्षिण रांगेत लावलेल्या. पूर्वेची बाजू जास्त उभी असते, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला जाणं त्यातल्या त्यात सोपं. आम्ही तसेच जात होतो. तरी एका टेकडीवर यांची गाडी अर्ध्यातच बसली. मागे घेतली, जास्त ॲक्सिलरेटर दिला, पुन्हा बसली. चाकं जागेवर फिरली की वाटेत खड्डे पडतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून उड्या मारत चढावं लागतं, त्यामुळे खालची मंडळी तापायला लागली. शेवटी गेज घेऊन मीच गुडघ्यावर बसले. व्हॉल्व्हची पिन सोडली, हवा फुसफुसत बाहेर आली आणि बारीक लाल वाळू थेट माझ्या चष्म्यावर. चारही टायर १६ वर आणले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन न ओरडता, सरळ वर गेली. गाड्यागाड्यांत बोलायच्या रेडिओवर गृहस्थ एवढंच म्हणाले, ‘ओके.’

अडकलेली गाडी ओढायची वेळ आलीच, तर पट्टा कंपनीने दिलेल्या मजबूत हुकालाच लाव. ट्रेलर जोडायचा गोळा असतो ना मागे, त्याला कधीही नाही. ताण आला की तो तुटतो आणि गोळीसारखा काचेतून आत येतो. माणसं मेली आहेत अशाने. आपल्याकडच्या टोचनच्या दोरीवर जाऊ नकोस, तो पट्टा ताणला जाणारा असतो, झटका फार मोठा बसतो.

रामदासपेठेतून एक निवृत्त शिक्षक: गेल्या हिवाळ्यात सहा गाड्या घेऊन पचमढीला गेलो. छिंदवाड्यापर्यंतच कोणाचा कोणाला पत्ता नाही. कोणी जेवायला थांबलं, कोणी पुढे निघून गेलं. परत आल्यावर दोन घरं बोलेनाशी झाली. अशा लोकांना घेऊन वाळवंटात जाता येईल का?

सर, ‘अशा लोकांत’ आपण सगळेच येतो. आपल्याला पुढच्या गाडीला गाठायची सवय आहे. पुढचा दिसेनासा झाला की आपण जोरात हाणतो, मग मागचा हाणतो. वाळवंटातल्या ताफ्याचा नियम याच्या बरोबर उलटा, आणि मला विचाराल तर सगळ्या सामानसुमानापेक्षा हाच नियम महत्त्वाचा: आपण जबाबदार ते आपल्या मागच्या गाडीला. फाटा आला, वळण आलं, की थांबायचं. मागची गाडी दिसली आणि तिने आपल्याला पाहिलं, की मग निघायचं. पुढचा कितीही लांब जाऊ दे, तोही पुढच्या फाट्यावर तुमच्यासाठी थांबलेलाच असतो. मधली एखादी गाडी पंक्चर झाली तर तिच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा, आणि न सांगता सगळा ताफा थांबतो.

व्हॉट्सॲपचा ग्रुप तिथे कामाचा नाही, नेटवर्कच नसतं. प्रत्येक गाडीत यूएचएफ रेडिओ असतो, सिम्पसनमध्ये सगळे चॅनेल १० वर. टेकडी चढण्याआधी बोलायचं, उतरल्यावर बोलायचं, एका वेळी एकच गाडी चढवायची. समोरून दुसरा ताफा येत असेल तर माथ्यावर समोरासमोर टक्कर व्हायची भीती असते. त्यासाठी गाडीला उंच झेंडाही सक्तीचा आहे, त्याचं टोक जमिनीपासून साडेतीन मीटरवर. सगळ्यात अनुभवी ड्रायव्हर पुढे असतो असं आपल्याला वाटतं. आमच्यात तेवढाच जाणता माणूस सगळ्यात शेवटी होता, हत्यारांची पेटी घेऊन.

बाकीचं नागपुरातच ठरवा, कोणाच्या तरी गच्चीवर बसून. सकाळी किती वाजता निघायचं. परत फिरायचं की नाही, हे शेवटी कोण ठरवणार. जेवणाचा आणि परवान्याचा खर्च सगळ्यांचा, तेल ज्याचं त्याचं. वाळवंटाच्या पश्चिमेचं माउंट डेअर सोडलं की पूर्वेच्या बर्ड्सव्हिल गावापर्यंत पंप नाही, पाचशे किलोमीटरच्या वर जायचं असतं, आणि वाळूत गाडी एरवीच्या दीडपट-दुप्पट तेल पिते. मुख्य म्हणजे, एखादी गाडी आत मोडून पडली तर ती बाहेर काढायला हजारो डॉलर लागतात. ते त्याने एकट्याने द्यायचे की वाटून? कागदावर लिहा. ‘मैत्रीत काय लिहून घ्यायचं’ असं जो म्हणेल, त्याच्यापासून सुरुवात करा. तुमची ती दोन घरं याच कागदावर भांडली, तर उत्तमच. भांडण इथेच होऊन जाऊ दे.

महालातून एक गृहिणी: संत्रा बर्फी, लोणचं, चकल्या, पिठं, काय काय नेता येईल? आमच्याकडे शाकाहारी मंडळी आहेत.

काकू, बर्फी इथेच खाऊन निघा. खव्याची, दुधाची मिठाई तिकडे विमानतळावर काढून घेतात. आपल्याकडे जनावरांत लाळ्या-खुरकूत रोग आहे, त्यांच्याकडे नाही, म्हणून. बाकी जे न्याल ते उतरण्याच्या कार्डावर लिहून द्या. लिहिलं आणि चालत नसेल तर फक्त टाकून देतात, लपवलं तर जबर दंड. संत्र्यांचं तर विचारूच नका. फळमाशीच्या भीतीने दक्षिण ऑस्ट्रेलियात शेजारच्या राज्यातूनही फळं नेऊ देत नाहीत.

पीठ, डाळ, तांदूळ, मसाला, सगळं ॲडलेडच्या भारतीय दुकानांत मिळतं. आम्ही रोज संध्याकाळी खिचडी नाहीतर पिठलं-भात केला, आणि क्लबातले लोक त्यांचे सॉसेज सोडून आमच्या पातेल्याशी यायला लागले. उद्यानात सरपण गोळा करायला बंदी आहे, गॅसची शेगडी न्या. पाणी माणशी रोज ७ ते १० लिटर धरा, आणि एकाच टाकीत भरू नका. टाकी फुटली तर सगळंच गेलं.

एक वाचक, वर्धा: लायसन्स, फोन वगैरे?

आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, वर्षभर चालतं. तिकडेही गाडी डावीकडूनच चालते. सॅटेलाइट फोन तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. परवान्याशिवाय तो भारतात आणणं गुन्हा आहे, विमानतळावर लोक पकडले गेले आहेत. संकटात बटण दाबायचं ते बीकनही तिथेच घ्या.

एलआयटीतला एक विद्यार्थी: वाळू सोडून तिथे बघायला काय आहे?

खूप आहे रे. डलहौसीचे झरे घे. चहूकडे वाळवंट आणि मधे ३८ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याचं तळं, जमिनीखालच्या ग्रेट आर्टेशियन बेसिन या पाणीसाठ्यातून वर आलेलं. आम्ही धूळ घेऊन त्यात उतरलो, आणि बारके मासे पायाला टोचत राहिले.

पोपेल कॉर्नरला तीन प्रांतांच्या सीमा मिळतात. ऑगस्टस पोपेलने १८८० मध्ये तिथे खुंट ठोकला, पण मोजायची साखळी इंचभर लांब झालेली होती. ती चूक साठत साठत खुंट तीनेकशे मीटर सरकून एका मिठाच्या तळ्यात गेला, मग नंतर हलवावा लागला. सिम्पसन हे नाव १९२९ मध्ये विमानातून पाहणी करणाऱ्या सेसिल मॅडिगनने दिलं, तेही ॲडलेडच्या एका कारखानदाराचं. त्याच्या घराण्याच्या कंपनीचं नाव पुढे धुण्याच्या यंत्रांमुळे घरोघरी गेलं. मला हे जरा खटकलंच. तिथले मूळ लोक वांगकांगुरू. टेकड्यांच्या मधे त्यांनी हाताने खणलेल्या खोल विहिरी होत्या, त्यांना ते मिकिरी म्हणत. त्या पाण्यावर ते पिढ्यान् पिढ्या राहिले. १९३६ मध्ये टेड कोल्सन हे वाळवंट आरपार गेला तेव्हा त्याच्याबरोबर पीटर एन्स हा आदिवासी सोबती आणि उंट होते. उंट आणि उंटवाले त्याआधी कित्येक वर्षं तिकडे गेलेले, पेशावर, सिंध, बलुचिस्तानकडचे. तिकडचे लोक सरसकट त्यांना अफगाण म्हणत. मारी गावात त्यांनी मशीद बांधली होती. आपल्याच बाजूची माणसं, पण आपल्या पुस्तकांत ती सापडत नाहीत.

नाव छापू नये, असं सांगून एका वाचक भगिनींचं पत्र: रात्री-पहाटे बाथरूमची सोय कशी करायची? हे विचारायला संकोच वाटतो.

संकोच कशाला, ताफ्यातल्या बायकांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. प्रत्येक गाडीत एक छोटं फावडं असतं. मुक्कामापासून आणि पाण्यापासून शंभरेक मीटर दूर जायचं, फूटभर खड्डा करायचा, नीट बुजवायचा. कागद पिशवीत घालून परत आणायचा, वाळूत टाकायचा नाही. वारा तो उकरून काढतो. एकटीने जायचं नाही, आणि परतीला गाडीजवळ एक कंदील पेटता ठेवायला सांगायचं. अंधारात सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात. पायात बंद बूट हवेत, चपला नकोत.