दुभाषी मागायचा तर आधीच मागा

कचेरीतली भाषा येत नाही म्हणून दुभाषी हवा असेल, तर ते भेटीची वेळ घेतानाच सांगा. खिडकीवर पोचल्यावर सांगितलंत तर बहुधा पुढची तारीख हातात पडते. नुसतं ‘अरबी’ म्हणू नका, बोलीही सांगा. मोरोक्कोची अरबी इराकी माणसाला सहज उमगत नाही. बाईच हवी असेल तर तेही तेव्हाच. विनंती ईमेलने केलीत की पुरावा राहतो. वेळ दुप्पट मागा, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. घरातल्या मुलांना मध्ये घालू नका: आजारपण, कर्ज असल्या गोष्टी ती गाळतात किंवा गुळमुळीत करतात.

कागदपत्रांचं भाषांतर ही वेगळी मागणी. प्रमाणित प्रत लागते का ते विचारा आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टबरहुकूम ठेवा. एका अक्षरावरून अर्ज परत येऊ शकतो.